उपाशी कोपरा

१

संयोगिताला वाटलं होतं, आपण कोल्हापुरात परतू तेव्हा एक मोठी, उजेडाची खोली उभी करू. चाळीस बायका असतील, प्रत्येकीला पाठ टेकायला खुर्ची असेल, रविवारी सुट्टी, बाळंतपणाची रजा आणि म्हातारपणी निवांतपणा. दिल्लीत पाच वर्षं आणि नेदरलँड्समध्ये दोन वर्षं तिने हेच शिकण्यात घालवली होती: घरात बसून राबणाऱ्या बायका, ज्यांना कुणी कामगार म्हणत नाही. प्रबंधाच्या पहिल्याच पानावर तिने लिहिलं होतं, 'जिच्या घराचाच कारखाना होतो, तिला सुट्टी कधी होत नाही.' परीक्षकांनी त्या ओळीखाली रेघ मारली होती.

प्रत्यक्षात तिला सापडली ती कळंब्यातल्या घराची मागची खोली. दहा बाय बारा. एक खिडकी, खिडकीखाली अंथरलेलं पोतं, आणि पोत्यावर भिंतीला पाठ लावून बसलेली आक्का.

आक्का तिची आत्या. आई लवकर गेली, तेव्हापासून तिला वाढवलं ते आक्कानं. सगळी गल्ली आक्का म्हणायची म्हणून हीही तेच म्हणायची. आक्का वाकळ शिवायची. माणूस गेलं की घरचे लोक त्याची जुनेरं बोचक्यात बांधून आणून द्यायचे. आईची लुगडी, आजीच्या साड्या, बापाचं धोतर. आक्का थरावर थर रचायची आणि बारीक धावदोरा घालत महिनाभरात त्यांची वाकळ करून परत द्यायची. नातवंडं ती पांघरून झोपायची.

तिचे नियम दोनच. एक, बोचक्यावर नाव लिहायचं नाही. "नाव लिवलं की हाक मारल्यागत हुतंय," ती म्हणायची. "मग ती बसत्यात वाट बघत." आणि दुसरा, वाकळेचा शेवटचा कोपरा उघडा ठेवायचा, त्यात भाकरीचा वाळका घास घालायचा, मगच टाके घालायचे. वाकळ उपाशी जाऊ द्यायची नाही.

संयोगितानं आल्या आल्या समाजमाध्यमावर खातं उघडलं. 'आक्काची वाकळ'. ॲपनं आक्काचा चेहरा मागितला. डावीकडे वळा, उजवीकडे वळा, वर बघा, हसा. आक्का तीनदा सांगितल्यावर हसली. "दमलेल्या माणसाला हसा म्हणतंय मेलं," ती म्हणाली.

दोन वर्षांत अडतीस हजार लोक जोडले गेले. पुण्याहून, बेंगळुरूहून, दुबईहून बोचकी येऊ लागली. आक्काला लिहायचा कंटाळा. ती फोनशी बोलायची आणि फोन तिचं बोलणं जसंच्या तसं लिहायचा. कुणालाही निरोप गेला तरी शेवटी एकच प्रश्न असायचा, जेवला काय.

पौषात एका दुपारी ती पोत्यावर बसल्या बसल्या गेली. हातातली सुई ओवलेली होती.

संयोगितानं पहिला नियम पाळला, मायेपोटी. दुसरा सोडला. पुण्याच्या एका बाईच्या पार्सलला मुंग्या लागल्या होत्या, आणि तक्रार रास्त होती. पौषापासून वैशाखापर्यंत सतरा वाकळा बिनघासाच्या गेल्या.

२

तो मंगळवार इतर दिवसांसारखाच सुरू झाला. तिने मागची खोली झाडली, खिडकी उघडली, चहा ठेवला. भिंतीलगत अकरा गिऱ्हाइकांचं काम होतं: चार वाकळा शिवून तयार, सात बोचकी अजून बांधलेली. बारावं बोचकं कपाटात होतं. त्यात आक्काच्या नऊ साड्या होत्या. त्याची गाठ तिने अजून सोडली नव्हती.

आक्काची सुई भिंतीवरच्या कॅलेंडरला टोचलेली होती. आक्का गेली त्या दिवशी होती तशीच, तांबड्या दोऱ्यासकट, ती तिने तिथे लावून ठेवली होती. केरसुणी ठेवताना तिचं लक्ष गेलं. सुईत निळा दोरा होता. हातभर लांब.

मोनानं घेतली असेल, तिला वाटलं. मोना म्हणजे शेजारची सून, शिवायला यायची, आणि कुणाचीही सुई कुठूनही घ्यायची. संयोगितानं विषय सोडून दिला.

आक्काचा जुना फोन फुगून बंद पडला होता. नव्या फोनमध्ये तिने आक्काचं सिम घातलं, ॲप उघडलं, परवलीचा शब्द टाकला. पडदा पांढरा झाला.

'तुमच्या सुरक्षेसाठी हे खातं थांबवलं आहे. ओळख पटवण्यासाठी खातेदाराचा चेहरा दाखवा. चार प्रयत्न शिल्लक.'

तिने मदतीच्या पानावर खरं ते लिहिलं असतं. पण आधी नियम वाचला आणि हात थांबला. खातेदार मरण पावल्याचं कळवल्यास खातं, त्यातल्या सगळ्या निरोपांसह, कायमचं बंद होईल.

सगळे निरोप. तेव्हा कुठे तिला आपली चूक दिसली. बोचक्यावर नाव नाही. पार्सलची वेष्टनं रद्दीत गेलेली. कुठल्या साड्या कुणाच्या, पत्ता काय, आईच्या कुठल्या साडीला कात्री लावू नका, हे सगळं त्या निरोपांत होतं आणि फक्त तिथेच होतं. आक्का ते डोक्यात ठेवायची. हिने फोनमध्ये ठेवलं. अकरा घरांतली गेलेली माणसं तिच्या भिंतीला टेकून बसली होती, आणि त्यांना घरी कसं पोचवायचं हे तिला ठाऊक नव्हतं.

नात्यातला चेहरा चालेल कदाचित, असं म्हणून तिने फोन समोर धरला. लोक म्हणायचे, ती आक्कासारखी दिसते. गोल चौकटीत तिचा चेहरा आला, चौकट लाल झाली, आणि फोनमधली बाई शांतपणे बोलली:

"एकापेक्षा जास्त चेहरे दिसत आहेत. कृपया एकट्यानेच समोर या."

संयोगितानं मागे बघितलं. खिडकी होती, पोतं होतं.

३

"नक्षीला फसलंय ते," मोना म्हणाली. "त्या लुगड्यावर मोर हाय बग. मोराचं तोंड बघितलं असंल फोननं."

"मोराला काय नाक-डोळं मानसागत असत्यात व्हय?" यल्लव्वानं विचारलं. यल्लव्वा गडहिंग्लजकडची, आक्काबरोबर वीस वर्षं शिवलेली. संयोगिताला ती तंगी म्हणायची, म्हणजे धाकटी बहीण, जरी वयानं ती हिची आजी शोभली असती.

"मग तुझं दिसलं असंल. तू कुठं मानसागत हाईस?"

"माझं दिसलं असतं तर फोन फुटला असता की."

दोघी हसल्या. संयोगिताही हसली, आणि हसता हसता विचार करत राहिली. कारण असणारच. उजेड पाठीमागून येतो, सावल्या पडतात, यंत्राला ठिपके आणि रेषा चेहऱ्यासारख्या वाटतात. तिने हे कुठेतरी वाचलंही होतं. ती स्वयंपाकघरात गेली, पांढऱ्या भिंतीला पाठ लावून फोन धरला.

"चेहरा जुळत नाही. दोन प्रयत्न शिल्लक."

चेहरा एकच दिसला होता. म्हणजे फोन बरा होता. मग तिने यल्लव्वाला आणि मोनाला पुढच्या दारी बसवलं, मागच्या खोलीत दोरी बांधून पांढरी चादर सोडली, पोतं, खिडकी, साड्या, सगळं झाकलं, आणि चादरीला पाठ लावून उभी राहिली.

"एकापेक्षा जास्त चेहरे दिसत आहेत. एक प्रयत्न शिल्लक. यानंतर खातं कायमचं बंद होईल."

चादर मंद हलत होती. वारा होता, खिडकी उघडीच होती. तिने चादर काढली नाही. सात बोचकी तेवढी बाहेर घेतली, खोलीचं दार ओढून घेतलं आणि पुढच्या खोलीत येऊन बसली.

उरलेला दिवस तिघींनी बोचकी सोडून आठवण्यात घालवला. यल्लव्वाला प्रत्येक साडी आठवत होती, आडनाव एकही नाही. "ही ती बग, जिची पोरगी बोलताना रडत हुती." "ही त्या मास्तरची आई." कुठला मास्तर? "आता ते आक्कालाच म्हाईत."

आक्काचं नाव निघालं तशी यल्लव्वानं हातातली साडी खाली ठेवली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "तंगी, एक इचारू? घास का बंद केलास?"

"मुंग्या लागतात, यल्लव्वा. लोक तक्रार करतात."

"व्हय की," यल्लव्वा म्हणाली. "मुंग्या लागत्यात. खरं हाय."

तिघी शिवत बसल्या. टाका घातला की दोरा कापडातून ओढला जातो, त्याचा एक बारीक आवाज असतो, सर्र. तीन बायकांचे तीन आवाज कधीच एकत्र येत नाहीत. संयोगिता बराच वेळ ऐकत होती. मोनाचा सर्र, यल्लव्वाचा सर्र, तिचा स्वतःचा. आणि मग एक, थोडा लांब, सावकाश, बंद दाराच्या आतून.

तिने दोघींकडे बघितलं. दोघींनी माना वर केल्या नाहीत.

४

गुरुवारी सकाळी मुरगूडहून एक म्हातारे गृहस्थ आले. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, हातात कापडी पिशवी. दारातूनच मोठ्यांदा म्हणाले, "आक्काची वाकळ म्हंत्यात ते हेच घर काय?"

"या काका. कोण आपण?"

"विजयसिंह. माझ्या मंडळीची लुगडी तुमच्याकडं दिल्यात. सूनबाईनं दिलती, साक्षीनं. शनवारी वर्षश्राद्ध हाय. म्हटलं तयार हाय तर घिऊनच जावं."

तिने त्यांना पाणी दिलं आणि जे होतं ते सांगितलं: खातं बंद पडलंय, निरोप दिसत नाहीत, वाकळ कुठली ते कळायला मार्ग नाही, दोन दिवस द्या.

म्हाताऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "आसं कसं?" ते म्हणाले. "काल तर तुमचाच निरोप आला की. म्हणून आलतो."

"काल?"

"काल दुपारी. हे बगा." त्यांनी खिशातून फोन काढला, लांब धरला, बोटानं वर-खाली केला आणि तिच्या हातात दिला. "साक्षीनं माझ्या फोनवर घालून दिलंय हे. मला काय त्यातलं कळत न्हाय, पर वाचायला येतंय."

खातं तेच होतं. आक्काचा फोटो, वाकळेचा फोटो. साक्षीनं पाठवलेले जुने निरोप, साड्यांचे फोटो नाहीत, नुसता पत्ता आणि 'बाबांसाठी'. मग काल दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी:

'पावणं तयार हाय या. येताना तुमच्या घरातल्या भाकरीचा घास आना. जेवला काय'

तीन चाळीसला ती, यल्लव्वा आणि मोना पुढच्या खोलीत शिवत होत्या. खातं आदल्या दिवसापासून बंद होतं.

कुणीतरी खातं चोरलंय. हा पहिला विचार आला आणि तिला जवळजवळ बरं वाटलं. चोर म्हणजे माणूस. चोर आपोआप उत्तरं पाठवतात, जुन्या निरोपांची नक्कल करतात, यंत्राला आक्काची भाषा शिकवायला काय लागतं? मग पैसे मागतात.

"काका, निरोपात पैसे मागितले का?"

"न्हाय बा. घास मागितला की." त्यांनी पिशवीतून फडक्याची पुरचुंडी काढली. आत ज्वारीच्या भाकरीचा तुकडा होता, उन्हात वाळवलेला. "सूनबाई म्हटली, हे काय नवीनच. मी म्हटलं, नवीन न्हाय. माझी आय बी घालायची."

मागून यल्लव्वानं पदर तोंडाला लावला होता.

५

मागच्या खोलीचं दार उघडावं लागलं, कारण तयार वाकळा आत होत्या. संयोगितानं आधी आत पाऊल टाकलं. काही नव्हतं. चादर दोरीवरून घसरून खाली पडली होती, एवढंच. ती उचलताना तिच्या लक्षात आलं की चादर पडलेली नव्हती, घडी घालूनच ठेवलेली होती. चौकोनी, आक्का घालायची तशी. यल्लव्वानं घातली असेल, तिने मनाशी म्हटलं. विचारलं मात्र नाही.

चारही वाकळा पसरल्या. विजयसिंह त्यांच्यासमोर मांडी घालून बसले. एका वाकळेकडून दुसरीकडे बघत राहिले. त्यांचा आवाज एकदम लहान झाला.

"पोरी, चाळीस वर्सं ती डोळ्यासमोर हुती. पर कुठली साडी नेसायची ते काय मला आठवत न्हाय बग. निळी हुती एक. का हिरवी. बघितलंच न्हाय वाटतं मी."

संयोगिता त्यांच्याजवळ बसली.

"हिचा कोपरा उसवलाय," मोना म्हणाली.

तिसरी वाकळ. तिचे चारही कोपरे संयोगितानं स्वतः बंद केले होते, दुहेरी टाक्यानं, पांढऱ्या दोऱ्यानं. आता एक कोपरा उघडा होता. फाटला नव्हता. टाके एक एक करून उसवले होते आणि निळ्या दोऱ्याचा एक सैल टाका तेवढा टेकवून ठेवला होता, पुढे शिवायला.

म्हाताऱ्यांनी त्या उघड्या कोपऱ्यात घास घालायला हात घातला आणि तिथेच थांबले. आत चाचपलं. मग आतल्या थराचं एक टोक हळूच बाहेर ओढलं. पदराचं टोक होतं. दातांनी चघळून चघळून त्याच्या दशा झाल्या होत्या.

"राग आला की चावायची," ते म्हणाले. "माझ्याशी बोलायची न्हाय. नुसता पदर चावत बसायची चुलीम्होरं." त्यांनी ते टोक दोन बोटांत धरून ठेवलं. "लई राग यायचा तिला माझा."

त्यांनी घास आत सारला, टोक परत आत लोटलं, आणि यल्लव्वानं काही न विचारता कोपरा शिवून टाकला.

ते निघताना संयोगितानं त्यांचा फोन पुन्हा मागितला. चोराला पकडायची ही एकच संधी होती. तिने लिहिलं, 'कोण बोलतंय?' निरोप वाचला गेल्याची खूण लगेच आली. मग 'लिहीत आहे' अशी अक्षरं उमटली आणि बराच वेळ तशीच राहिली. एवढ्या वेळात माणूस पानभर लिहील. विजयसिंह पायात चपला घालून उभे होते. मोना त्यांना एसटीची वेळ सांगत होती.

उत्तर आलं ते दोन शब्दांचं, आणि त्याआधी तिचं लाडाचं नाव. ते नाव बाहेरच्या जगात कुणालाच माहीत नव्हतं. ते फक्त या घरात होतं, आणि ते घेणारं माणूस पौषात गेलं होतं.

'सयू जेवलीस काय'

तिने फोन परत दिला. ती सकाळपासून जेवली नव्हती.

६

दुपारनंतर तिने दोघींना घरी पाठवलं. यल्लव्वा उंबऱ्यात रेंगाळली. "मी थांबू काय गं?"

"नको. एकटीनंच यायला सांगितलंय."

कोणी, हे यल्लव्वानं विचारलं नाही.

पाचचं ऊन खिडकीतून तिरपं येऊन पोत्यावर पडलं होतं. संयोगिता पोत्यासमोर बसली आणि तिने दोऱ्याच्या डब्याला टेकवून फोन उभा केला. उंची बरोबर ठेवली. बसलेल्या बुटक्या बाईचं तोंड जिथे येईल तिथे. एकच प्रयत्न उरला होता. हे चुकलं तर अकरा घरं गेली. चाळीस बायकांची खोली गेली. ती स्वतःला समजावत होती की आपण फक्त एक शक्यता तपासतो आहोत. पडद्यावरच्या चौकटीत रिकामी भिंत दिसत होती, तेलकट डागासकट. आक्काच्या डोक्याचा डाग.

तिने बटण दाबलं, उठली, खोलीबाहेर गेली आणि दाराकडे पाठ करून उंबऱ्याशी उभी राहिली.

"डावीकडे वळा," फोनमधली बाई म्हणाली.

शांतता. बाहेर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली.

"उजवीकडे वळा."

पोतं करकरलं. ताग जुना झाला की नुसत्या हवेनंही करकरतो.

"वर बघा."

तिला आठवलं, आक्काची मान दुखायची. वर बघताना ती एक हात मानेवर ठेवायची आणि हलकेच 'आई गं' म्हणायची. संयोगितानं ऐकायचा प्रयत्न केला. मग न ऐकायचा प्रयत्न केला.

"हसा."

काहीच नाही.

"कृपया हसा."

काहीच नाही. आणि त्या शांततेत संयोगिताची भीती कुठल्या कुठे गेली. उरली ती फक्त लाज. दमलेल्या माणसाला हसा म्हणतंय. मीच म्हणायला लावलं. दोन वर्षांपूर्वी, आणि आजही.

"कृपया हसा," फोन तिसऱ्यांदा म्हणाला.

तिने मागे वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं. तरी ती वळली, अर्धीच, एका डोळ्यानं. पोत्यावर कुणी नव्हतं. पण कॅलेंडरवरची सुई जागेवर नव्हती. ती खिडकीच्या उन्हात होती, बसलेल्या बाईच्या खांद्याइतक्या उंचीवर, आणि तिच्यामागे निळा दोरा ताठ ओढला जात होता, सावकाश, हातभर, सर्र, जसा टाका पुरा होताना ओढला जातो.

"धन्यवाद," फोन म्हणाला. "ओळख पटली."

७

खातं उघडलं. सुई पुन्हा कॅलेंडरला टोचलेली होती. संयोगितानं दोन्ही गोष्टींकडे बघितलं आणि आधी वही घेतली.

अकरा नावं, अकरा पत्ते, अकरा फोन नंबर. कुणाची आई, कुणाची काकू, कुठल्या साडीला कात्री लावायची नाही. तिने सगळं उतरवलं. वहीत, बोचक्यांवर नाही. हात दुखेपर्यंत लिहिलं. मग ती निरोप वाचत मागे गेली आणि तिला ते सापडले.

तीन दिवसांत सतरा निरोप गेले होते. बिनघासाच्या सतरा वाकळा ज्या सतरा घरांत गेल्या होत्या, नेमक्या त्यांनाच. मजकूर एकच: 'कोपरा उसवा. घास घाला. परत शिवा. पोरीची चूक झाली तिला बोलू नका. जेवला काय'

बहुतेकांनी उत्तर दिलं होतं. पुण्याच्या पूर्णिमानं, जिच्या पहिल्या पार्सलला मुंग्या लागल्या होत्या, लिहिलं होतं: 'आक्का, घातला. खरं सांगू का, ही दुसरी वाकळ आल्यापासून रोज स्वयंपाकघरात डबे हलल्याचा आवाज यायचा. मी कुणाला बोलले नव्हते. काल आला नाही. काल पहिल्यांदा झोप लागली.'

त्याखाली आक्काचं उत्तर: 'व्हय बाई. भूक लई वाईट'

संयोगितानं फोन उपडा ठेवला. थोड्या वेळानं पुन्हा घेतला, कारण पडद्यावर एक प्रश्न वाट बघत होता.

'पुढील वेळी ओळख पटवण्यासाठी हाच चेहरा ठेवायचा?'

खाली दोन बटणं. 'ठेवा'. 'काढून टाका'. आणि मध्ये एक लहान, धूसर गोल; आज पाच वाजता घेतलेला चेहरा त्यात होता. बोट लावलं की मोठा होणार होता. तिने बोट लावलं नाही. एवढं मात्र धूसरपणातही कळत होतं की तो चेहरा हसत नव्हता. यंत्रानंच शेवटी सोडून दिलं होतं.

ठेवलं तर खातं कायम हातात राहील. अडकलं की फोन पोत्यासमोर ठेवायचा, बस. आक्का येईल. ती कधी नाही म्हणाली आहे का? ताप असताना शिवलं, हात सुजले तेव्हा शिवलं, गेली तीही टाका घालताना. संयोगिताला आपल्या प्रबंधाची पहिली ओळ आठवली, आणि ज्यांनी तिच्याखाली रेघ मारली ते परीक्षक आठवले. तिने ॲप तसंच ठेवलं, उत्तर न देता, आणि दिवा लावून पुढच्या खोलीत बसून राहिली. मागच्या खोलीतून आवाज येत होता. सर्र. थांबून, सर्र. पावसाळ्यात लहानपणी ती याच आवाजावर झोपायची.

त्या रात्रीही झोपली.

८

शुक्रवारी ती उजाडायच्या सुमाराला उठली आणि तिने भाकरी थापली. तिला नीट येत नव्हती. कड फुटली, एका बाजूला करपली. करपलेली बाजू आक्काला आवडायची.

यल्लव्वा आणि मोना आल्या तेव्हा मागच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. संयोगिता जमिनीवर बसली होती आणि कपाटातलं बारावं बोचकं तिच्यासमोर होतं. गाठ सुटलेली. नऊ साड्या पोत्यावर पसरलेल्या.

"आज हिचं सुरू करायचं?" मोनानं विचारलं. "आणि ती अकरा?"

"पत्ते मिळालेत. सगळ्यांना फोन करते. सगळ्यांचे घास घालून जातील. पण आधी हिचं." तिने यल्लव्वाकडे बघितलं. "पाच महिने झाले, यल्लव्वा. सगळ्यांना विचारत बसली, जेवला काय, जेवला काय. हिला कुणी विचारलं?"

यल्लव्वा खाली बसली. साडीवरून हात फिरवत राहिली. "म्या न्हाय इचारलं," ती म्हणाली. "वीस वर्सात एकदा बी न्हाय."

संयोगितानं भाकरीचा तुकडा मोडला, करपलेल्या बाजूचा, आणि पोत्याच्या टोकाशी ठेवला.

"आक्का," ती म्हणाली, "जेवलीस काय?"

ताग करकरला नाही. आवाज कसलाच आला नाही, आणि तो सर्र किती दिवसांनी थांबला हे तिघींनाही एकदमच कळलं.

मग तिने फोन घेतला. प्रश्न तसाच होता. मोनानं खांद्यावरून वाचला.

"अगं, काढून टाकलंस आणि परत अडकलं तर? अडतीस हजार लोक हाईत."

"अडकलं तर अडकलं. आपण दारोदार जाऊ. नवीन खातं काढू, माझ्या तोंडानं." तिचं बोट बटणावर होतं. "ही माझी पहिली कामगार, मोना. तिला रजा मीच द्यायला पाहिजे."

तिने 'काढून टाका' दाबलं, फोन बाजूला ठेवला, कॅलेंडरवरची सुई काढली आणि निळ्या दोऱ्यानंच पहिला टाका घातला.